आईकडून आलेलं

टँकरच्या घागरभर पाण्यातनं केवळाबाईनं अंगणात सडा टाकला. दुष्काळ असला म्हणून लेकीचं डोहाळजेवण कोरडं कसं करायचं? बाया जमल्या, ओटी भरू लागल्या. आत खाटेवर केवळाबाईचा तरणा पोरगा पडून होता. आताशा त्याला पापणीसुद्धा उचलवत नव्हती. नांदेडच्या डॉक्टरनं तिला एकटीला बसवून सांगितलं होतं, "प्रत्येक पेशीत ताकद देणारी एक चूल असते, मायटोकाँड्रिया. याची विझत चाललीय. हा दोष फक्त आईकडून येतो. लेकीकडून नातवंडातही जाऊ शकतो." ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. शेजारीण म्हणाली, "लेकरू आजीवर जाऊ दे बाई! लई कष्टाळू हाय." बाकीच्यांनीही री ओढली. लेकीनं हसून आईसमोर पदर पसरला. "न्हाई गं," केवळाबाई पुटपुटली, "बापावर जाऊ दे." "जावयाचं कौतुक बघा!" बाया हसल्या. तांदळानं भरलेली तिची ओंजळ मात्र उघडेना.