बारावा बॅज

"बॅज कुठे गेले?" युवक दलाच्या प्रमुखाने पोराचा खांदा धरून गदागदा हलवला. पोरगा त्याचाच. छातीवरचा तिरका पट्टा कोरा करकरीत.

कालपर्यंत त्यावर अकरा बॅज होते. नेमबाजी, पोहणं, कडे चढणं, काय नि काय. दलात एवढे कुणाचेच नव्हते, आणि हे बाप दिवसातून दोनदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचा. प्रत्येक अर्ज त्यानेच भरलेला. पोराला उंचीवर भोवळ यायची, पण विचारतो कोण! बापाच्या स्वतःच्या पट्ट्यावर मात्र पदाच्या बिल्ल्याखेरीज काही नव्हतं. लहानपणी त्याला दलात कुणी घातलंच नव्हतं.

बारावा बॅज वैयक्तिक छंदाचा. तो ज्याचा त्याने निवडायचा, असा नियम. पोराने लिहिलं, 'शिवणकाम'. बापाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अर्ज टराटरा फाडून त्याने नवा भरला, 'मुष्टियुद्ध'.

आज तपासणी होती. पोराने खिशातून पत्र्याची डबी काढून परीक्षक बाईंसमोर ठेवली. आत अकरा बॅज.

"याचं डोकं फिरलंय, बाई," बाप ओरडला. "आईनं एवढे नेटके शिवलेले बॅज ओरबाडून काढलेत. माझं नाक कापलं!"

"आईनं नाही, मी शिवले होते," पोरगा म्हणाला. "काल मीच उसवले."

बापाचा हात उठला.

"हात खाली!" बाई कडाडल्या. "आणि तो पट्टा इकडे दे रे."

त्यांनी पट्टा खिडकीच्या उजेडात धरला. बॅज उसवला की कापडावर भोकांची रांग राहतेच. बाईंनी नखाने चाचपलं, उलटून पाहिलं. एक भोक सापडेल तर शपथ.

"कसं रे?"

"सगळ्यात बारीक सुई घेतली. कापड टोचायचं नाही, वरचा एकेक धागा उचलायचा."

बाईंनी कोरा अर्ज ओढला, 'शिवणकाम' लिहून सही ठोकली आणि बॅज त्याच्या हातावर ठेवला.

"हे असले बायकी धंदे माझ्या दलात चालणार नाहीत!" बाप लालबुंद झाला होता.

बाईंनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "शिव आता सगळे. बारा होतील."

पोराने नवा बॅज खिशात घातला आणि डबी बापाकडे सरकवली.

"हे अकरा बाबांचे आहेत. बाबा, तुमचा पट्टा द्या. त्यावर शिवून देतो."