बुडणारी जायफळं

"माझीच नजर गेली गं, मर्ल," ओडेसामावशी म्हणाली. ग्रेनाडातल्या जायफळाच्या केंद्रावर ती चाळीस वर्षं पाण्याच्या टबापाशी बसत होती. चांगलं जायफळ बुडतं, कुजकं तरंगतं. तरंगेल ते ती फेकून द्यायची. "या खेपेला एकही तरंगताना दिसलं नाही बघ."

काल शाळेतली जायफळाची लापशी खाऊन साठ मुलं दवाखान्यात गेली होती.

जायफळातली गुंगी काढून त्यात डाळीइतकं प्रोटीन आणलं ते मर्लनेच. तेव्हापासून देशाच्या पोषणाचा आलेख चढताच होता. त्या प्रोटीनच्या वजनाने आता कुजकंही बुडतं, हे तिला सकाळीच प्रयोगशाळेत कळलं होतं.

"वय झालं, मावशी," ती म्हणाली. "आता आराम कर."

मावशीने मान डोलावली, ॲप्रन सोडून त्याची नीट घडी घातली आणि मुलांची माफी मागायला दवाखान्याकडे निघाली.