मीठ शेवटी

"मीठ आत्ता नको," दुर्गाबाईंनी संबोधीचा हात धरला. "आधी टाकलं की कलेजी चिवट होते. मीठ शेवटी."

संबोधीने डबा खाली ठेवला. उद्या तिचं लग्न. राऊ गावातल्या त्या लहानशा घरात सकाळपासून पाहुण्यांची ये-जा चालली होती. दुर्गाबाईंनी सगळ्यांना बाहेर बसवलं आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं होतं.

दुर्गाबाईंचा एकुलता मुलगा पंचशील दोन वर्षांपूर्वी बायपासवर अपघातात गेला. रविवारी कलेजी तोच आणायचा, आणि करायच्या मात्र दुर्गाबाई. कढईला दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायच्या नाहीत. तो गेला आणि घरात कलेजी शिजणं बंद झालं. दोघीच उरल्या.

विक्रमचं स्थळ दुर्गाबाईंनीच शोधलं. संबोधी किती तरी दिवस नाहीच म्हणत होती.

"दुधात कशाला भिजवली, आई?"

"उग्र वास जातो. आणि वरचा पापुद्रा आठवणीने काढायचा, नाही तर दाताखाली येतो. हं, आता टाक. जल्दी नको. रंग बदलला की गॅस बंद. जास्त शिजवली तर चामडं."

मिऱ्याचा वास सुटला. गॅस बंद करून संबोधीने मीठ घातलं. बाहेर कुणीतरी गाणं लावलं.

"विक्रमला आवडते म्हणे," दुर्गाबाई म्हणाल्या.

"हो."

"मग नीट शिकून घे. बघ खाऊन."

संबोधीने एक तुकडा तोंडात टाकला. आणि ती खिडकीकडे वळली.

"काही कमी पडलं?"

"नाही, आई. अगदी तशीच झालीय."

दुर्गाबाईंनी कढईवर झाकण ठेवलं.

"एक सांगते, बेटा. तिकडे पंचशीलचा विषय काढून रडत बसायचं नाही."

"आणि रडू आलंच तर?"

"तर कांदा चिरायला घे."

दुसऱ्या दिवशी विहारात लग्न लागलं. दुर्गाबाई सगळीकडे हसतमुखाने फिरल्या, प्रत्येकाला जेवून जा म्हणाल्या. निघायच्या वेळी मात्र संबोधीने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं ते उचलेचना.

"आई, इथे कोण बघणार?"

"मी काय लहान आहे? चल, लोक खोळंबलेत."

विक्रम पाया पडला. "आम्ही दर रविवारी येत जाऊ, आई."

"इतक्यात नका येऊ," दुर्गाबाई म्हणाल्या. "आधी तिला तिथे रुळू द्या. इथे आली की तिला सगळं आठवेल."

त्यांनी पदराने तिचे डोळे पुसले. मग गाडीचं दार उघडलं आणि आपल्या पंचशीलच्या बायकोला विक्रमशेजारी बसवलं.