शेजारची खुंटी

"आज कोंबड्याच्याही आधी?" मुकादमाने विचारले.

जावई कोठीच्या दाराशी हात झटकत उभा होता. "झोप लागली नाही, मामा."

"तुला रे कसली काळजी?"

"तुमचीच. वडीलधारी माणसं सांभाळावी लागतात."

मुकादमाला ते झोंबले. "माझं वय माझ्यापाशी राहू दे. तू आज कुठे?"

"खालच्या मजल्यावर, कठड्याच्या आत. दुपारपर्यंत मला पट्ट्याचं कामच नाही."

हे वाक्य मुकादमाच्या मनात काट्यासारखे अडकून राहिले. त्याने जावयाला रंगाचे डबे आणायला पिटाळले आणि कोठीचे दार आतून लोटून घेतले.

कोठीत सहा खुंट्या होत्या आणि सहा सेफ्टी बेल्ट. सगळे एकाच खेपेत आलेले, एका रंगाचे, जुळ्या भावंडांसारखे. पट्ट्यावर कुणाची खूण नसे. ती खुंटीवर असे. पहिली मुकादमाची, दुसरी जावयाची. "पट्टा झिजतो, बदलतो, खुंटी जागची हलत नाही," असे मुकादम मोठ्या तोऱ्यात सांगे. नियम त्याचाच होता.

दुसरा नियमही त्याचाच. ज्या पट्ट्याने एकदा पडता माणूस झेलला, तो सर्वांदेखत सुरीने कापायचा. पट्ट्याच्या पाठीवर एक पाकीट असते आणि त्यात घडी घालून शिवलेली पट्टी. माणूस पडला की ती शिवण उसवत जाते आणि झटका स्वतः गिळते. ते एकदाच. पडलेल्या माणसाने मग डॉक्टरने होकार दिल्याखेरीज शिडीला हात लावायचा नाही. या नियमापायी मुकादमाने भल्याभल्यांना घरी बसवले होते.

आणि शुक्रवारी संध्याकाळी, सगळे उतरून गेल्यावर, कारखान्याच्या ज्या धुराड्याला रंग चालला होता, त्याच्या शिडीवरून मुकादमाचाच पाय सटकला. पट्ट्याने झेलले. कुणी पाहिले नाही. पण साठीला टेकलेल्या माणसाला कोणता डॉक्टर होकार देणार? धुराडे जावयाच्या हाती जाईल आणि सासरा खाली बसून रंग ढवळील. तीस वर्षे ज्याने वरून हुकूम सोडले, त्याला वर मान करून ते ऐकावे लागतील. हे त्याला मरणाहून कठीण वाटले.

त्याने पट्टा घरी नेला, उसवलेली पट्टी पुन्हा पाकिटात कोंबली आणि मोच्याकडच्या मेणदोऱ्याने शिवायला घेतली. प्रत्येक टाक्याला दुहेरी गाठ. शेजारच्याच घरात नांदणारी त्याची लेक चहा घेऊन आली.

"काय शिवताय, बाबा?"

"पिशवी."

"पिशवीला एवढ्या गाठी? त्यात काय हत्ती घालून नेणार?"

"तुझ्या नवऱ्याला घालून नेईन. चहा ठेव तिथे."

ती हसली, क्षणभर त्या पट्टीकडे पाहत राहिली आणि कप ठेवून निघून गेली. त्याने शिवणीवर कापडी टोपण ओढले आणि शनिवारी पट्टा गुपचूप खुंटीवर नेऊन टांगला.

टांगला खरा, पण दोन रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. डोळे मिटले की मेणदोरा तटतट तुटल्यासारखा वाटे. आणि आज तर धुराड्याच्या थेट माथ्यावरचे काम होते.

त्याने दाराकडे एकवार पाहिले. जावई कठड्याच्या आत असणार, दुपारपर्यंत त्याला पट्टा लागणारही नाही. तोवर आपण खाली उतरू, पट्टे पुन्हा ज्याच्या त्याच्या खुंटीवर टांगू. कोणाचे काय बिघडते? असे म्हणत त्याने मनाची समजूत घातली.

पहिल्या खुंटीवरचा पट्टा त्याने नजर दुसरीकडे वळवून, टोकाला धरून उचलला. आपल्या पापाकडे कोण निरखून बघतो? तो दुसऱ्या खुंटीवर अडकवला आणि तिथला अंगावर चढवला. पट्टा घालण्याआधी शिवण बोटांनी चाचपावी, हे त्याने शेकडो जणांना दटावून शिकवले होते. आज चाचपायचे कारण नव्हते. जावई आपला पट्टा रोज डोळ्यांत तेल घालून तपासत असे. "नव्या नवरीलासुद्धा कुणी इतकं न्याहाळत नाही," अशी मुकादम त्याची थट्टा करी.

शिडी चढताना जीव थोडा हलका झाला. माथ्याशी पोहोचून त्याने हूक लोखंडी कड्यात अडकवला, दोन्ही पाय भिंतीला टेकले आणि अंगाचा सगळा भार मागे, पट्ट्यावर सोडून दिला. ब्रश रंगात बुडवला. कित्येक दिवसांनी त्याने पोटभर श्वास घेतला.

छातीवरचा वॉकीटॉकी खरखरला.

"मामा, पोहोचलात?"

"न पोहोचायला काय झालं?"

"पट्टा तुमच्या खुंटीवरचाच घेतलात ना?"

मुकादमाचा ब्रश थबकला. "मग काय शेजाऱ्याचा घेऊ?"

"मग बरं. निवांत काम करा. तुमच्या खुंटीवर मी सकाळी चांगला पट्टा टांगून ठेवलाय, तीनदा तपासून. माझ्या खुंटीवरचा मात्र कुणी घालायचा नाही. दुपारी तो सर्वांदेखत कापायचाय. सगळ्यांना सांगून टाकतो, शुक्रवारी मी पडलो होतो."

भार जराही न हलवता मुकादमाने एक हात सावकाश पाठीमागे नेला आणि कापडी टोपणाखाली बोटे सरकवली. बोटांना पहिली दुहेरी गाठ लागली.