बशी

सासरे गेले त्याला तीन महिने झाले, पण विश्रांतवाडीच्या आमच्या घरात ओट्यावर त्यांच्या चहाच्या कपाचा गोल डाग तसाच होता. ते कप नेहमी नुसत्या ग्रॅनाइटवर टेकवायचे आणि सासूबाई रोज चिडायच्या, "अहो, बशी काय शोभेला दिलीय?"

मी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून डागावर थापला, वर प्लॅस्टिक चिकटवलं. संध्याकाळी पुसलं तर दगड लख्ख.

सकाळी डाग पुन्हा तिथेच होता, ओला.

"आई, तुम्ही इथे चहा घेतलात?"

"मी आत्ता उठतेय. मला वाटलं, तूच घेतलास."

घरात आम्ही दोघीच असतो.

मी परत सोडा थापला. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक जसंच्या तसं होतं, चिकटपट्टीही सुटली नव्हती. आतल्या लेपावर मात्र कप टेकवल्यासारखं वर्तुळ उमटलं होतं.

मी तिसऱ्यांदा सोड्याचा डबा उघडला, तेव्हा आईंनी माझा हात धरला. "राहू दे गं. सोड्याने का त्यांची सवय जाणार आहे?"

झोपायला जाताना त्यांनी त्या जागेवर एक बशी ठेवली. ओट्याकडे बघून म्हणाल्या, "आता तरी ऐका."

सकाळी ओटा कोरडा होता. बशीत चहाचं वर्तुळ होतं.

"ऐकलं बाई एकदाचं," म्हणत आईंनी त्याला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.

"भाजलं गं," त्या हसून म्हणाल्या.