मुलं किती

डॉक्टरांनी खुर्ची अण्णासोंच्या पलंगाजवळ ओढली.

“आज वार कुठला, अण्णासो?”

“गुरुवार.” जीभ जड होती, पण शब्द कळला.

“साल?”

“दोन हजार… तीन.”

“कारखाना कुठं आहे तुमचा?”

“शिरोलीला. पोरं बघत्यात आता.”

थोरल्या मल्लेशनं धाकट्या भावाकडं, सोमेशकडं बघितलं. दोघांच्याही चेहऱ्यावर समाधान होतं. अण्णासोंना अर्धांगाचा झटका येऊन तीन महिने झाले होते. मृत्युपत्राचा कागद वकिलांकडून तयार होऊन आला होता. कारखाना आणि घर दोघा भावांना निम्मं निम्मं, आणि आई असेपर्यंत तिनं इथंच राहायचं. फक्त वकिलांनी बजावलं होतं, सहीच्या आधी डॉक्टरांचा दाखला घ्या. म्हातारा शुद्धीवर नव्हता, असं उद्या कुणी म्हणायला नको.

“मुलं किती तुम्हाला?” डॉक्टरांनी सहज विचारलं.

“तीन.”

सोमेश हसला. “अप्पा, दोन की. मी आन् दादा.”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पुन्हा विचारलं, सावकाश. अण्णासोंनी डावा हात पांघरुणातून बाहेर काढला आणि तीन बोटं वर केली.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. “मल्लेश, मला असा दाखला देता येणार नाही. महिनाभर थांबू. औषधानं फरक पडेल.”

“आवो डॉक्टर, बाकी सगळं बरोबर सांगितलं की त्यांनी.” मल्लेश पलंगावर वाकला. “अप्पा, नीट आठवा. दोन म्हणा. आमी दोघंच न्हाय का?”

अण्णासोंची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडं गेली. स्वयंपाकघराच्या दारात त्यांची बायको नीलम्मा येऊन उभी होती. हात पदराला पुसत होती. तिला बघून त्यांनी बोटं मिटली, हात पांघरुणात घेतला.

“दोन,” ते म्हणाले.

मल्लेशनं सुटकेचा श्वास टाकला. डॉक्टरांनी मात्र मान हलवली. “तुम्ही पढवलं म्हणून म्हणाले ते. असं चालत नाही.”

“पयलं बरोबर हुतं, डॉक्टर,” नीलम्मा म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही. ती पुढं आली आणि नवऱ्याच्या पायाशी पलंगावर टेकली.

“तीनच हाईत. शिवलीला धरून. निपाणीला दिलीया तिला. मल्लेशपेक्षा दोन वर्सांनी धाकटी.”

“कोण शिवलीला?” मल्लेशनं विचारलं. “अव्वा, काय बोलतीस तू?”

“तुझी भैन. माझ्या पोटची न्हाय. ह्यांची हाय.”

अण्णासो बायकोकडं बघत होते. चेहऱ्यावर भीती होती, त्याहून जास्त काहीतरी होतं. आयुष्यभर तिच्यापासून लपवून ठेवलेलं ती त्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं करत सांगत होती.

“तुला…” ते म्हणाले. पुढचं निघेना.

“ठावं हुतं. तिच्या पयल्या बाळंतपणाला डिंकाचं लाडू कुणी धाडलं, असं वाटतंय तुमाला?”

अण्णासोंनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळलं.

मल्लेश टेबलाकडं गेला. मृत्युपत्राचा कागद उचलून त्यानं घडी घातली. “डॉक्टर, आज ऱ्हाऊ दे. पुन्यांदा कवातरी बघू.”

“आजच लिवा,” नीलम्मा म्हणाली. ती डॉक्टरांकडं बघत होती, पोराकडं नाही. “मानूस शुद्धीवर हाय. तुमी इचारलं, त्यांनी खरं सांगितलं. कागद नवा करू. पर ह्यांचं डोकं ठिकाणावर हाय, एवढं आज लिवून ठेवा. उद्या ह्यांची वाचा गेली तर माझं कोन ऐकंल?”

डॉक्टर मल्लेशकडं बघत थांबले. मग टोपण काढलं आणि लिहायला लागले.

बाहेर रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होत नव्हती. सोमेश भिंतीला टेकून उभा होता. त्यानं हळू आवाजात विचारलं, लहान असताना बोलायचा तसा.

“अव्वा, तू बघितलंयस तिला?”

“एकदा. बाजारात. लांबनं.”

“कशी दिसती?”

नीलम्मानं मान वर केली. मल्लेश खिडकीशी पाठमोरा उभा होता.

“ह्याला इकडं तोंड करायला सांग,” ती म्हणाली, “म्हंजे कळंल.”