काचेवरची भाकणूक

स्टुडिओच्या दाराशी सिद्धूनं वहाणा काढल्या.

"आबा, असू द्या. इथं कुणी काढत नाही," प्रांजल म्हणाली. ऑफिसात ती बापाशीसुद्धा बातम्यांच्याच भाषेत बोलायची.

"जिथनं भाकणूक व्हती तितं वहाणा घालून कसं जायाचं?"

प्रांजलला ती थट्टा वाटली आणि ती हसली. सिद्धू थट्टा करत नव्हता.

तो कवठे महांकाळहून सकाळच्या एसटीनं विश्रामबागेतल्या या टीव्हीच्या ऑफिसात आला होता, ते पोरीची नोकरी सोडवायला. हे त्यानं अजून तोंडातून काढलं नव्हतं. प्रांजल रोज संध्याकाळी टीव्हीवर हवामान सांगायची आणि वस्तीवर तोच शेवटचा शब्द होता. सिद्धूचा बाप बिरोबाच्या जत्रेत भाकणूक करायचा, म्हणजे यंदा पाऊस कुठं आणि कसा पडणार ते भरल्या जत्रेत सांगायचा. आता नात सांगते, एवढाच काय तो फरक, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. सिद्धूची त्याला हरकत नव्हती. उलट मिशीला पीळच पडला होता.

मग परवा पोरगी म्हणाली, "आकाश निरभ्र राहील." चुलतभाऊ हरिबानं तिच्या भरवशावर कोकरं उघड्यावर जाळीच्या कुंपणात ठेवली. रात्री गारा पडल्या आणि निम्मी कोकरं गेली. हरिबा एका शब्दानं बोलला नाही. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. सिद्धूच्या घरची रीत अशी की भाकणूक खोटी पडली तर घरानं अन्न सोडायचं. सिद्धू तेव्हापासून चहावर होता. असलं पाप पोरीच्या जिभेवर रोज संध्याकाळी कशाला?

प्रांजल त्याला हौसेनं सगळं दाखवत होती. टीव्हींनी भरलेली भिंत. आरशाभोवती दिवे लावलेली मेकअपची खोली. बातम्यांचं ते काचेचं झकपक टेबल, जे जवळून प्लायवूडचं निघालं. सिद्धू नुसता "व्हय, व्हय" करत मागून चालला होता. बोलायचं कुठून सुरू करावं, तेच त्याला सुचत नव्हतं.

कॅमेऱ्याच्या तोंडावर एक काच तिरपी बसवलेली होती. तिच्यावर अक्षरं खालून वर सरकत होती. सिद्धू सातवीपर्यंत शिकलेला. त्यानं बोट धरून वाचलं, "उद्या... जिल्ह्यात... हवामान..."

"ह्ये काय गं?"

"हेच तर मी वाचते, आबा. मजकूर बाहेरून येतो, आतली माणसं नीट लिहितात आणि हा आमचा ऑपरेटर, राहील, तो काचेवर चढवतो."

कोपऱ्यात कॉम्प्युटरपुढं बसलेल्या राहीलनं मान हलवून सलाम केला.

सिद्धू पोरीकडे बघत राहिला. "म्हंजी तू आपल्या मनानं सांगत न्हाईस?"

"मी? मला काय कळतंय त्यातलं! छत्री न्यायची का नाही, हे मीच राहीलला विचारते."

लेकीला काही कळत नाही हे ऐकून एवढा आनंद झालेला बाप त्या ऑफिसानं पाहिला नसेल. सिद्धू जवळच्या खुर्चीत मटकन बसला. छातीवरची धोंड कुणीतरी उचलून बाजूला ठेवली होती. पण माणूस मेंढरं राखून मोठा झालेला, सांगोवांगीवर भागत नव्हतं.

"काय बी लिवलं तरी वाचंल ही?" त्यानं राहीलला हळूच विचारलं.

"काय बी लिवा, मामा. काल माज्या घरच्या सामानाची यादी चुकून चढली, तर तूरडाळीपर्यंत वाचत गेली. तालीम व्हती म्हणून बरं."

"मग लिव."

बातम्यांना अजून अवकाश होता. राहीलनं प्रांजलला तालमीसाठी म्हणून नकाशापुढं उभं केलं, दिवे लावले. सिद्धू त्याच्या कानाशी वाकून सांगत गेला आणि राहील जसंच्या तसं टाइप करत गेला. काय सांगतोय ते ऐकून मध्येच राहीलचा हात थांबला. सिद्धूनं त्याला कोपरानं ढोसलं.

प्रांजलनं ओढणी सारखी केली, हसली आणि रोजच्या सुरात सुरू झाली.

"नमस्कार. हरिबा, तुजी कोकरं गेली त्यात पोरीचा दोस न्हाई." सवयीनं तिचा हात नकाशावर आटपाडीकडे गेला. "ती नुसती वाचती. मी तिची नोकरी सोडवाया आलतो. आता सोडवत न्हाई. तुज्या दारात येऊन मी ह्ये सोता सांगीन. परवापास्नं घरात अन्न..."

हात नकाशावरच राहिला. पुढचे शब्द काचेवर येऊन थांबले. ते तिनं वाचले नाहीत. राहीलनं वाट बघून काच पुसून टाकली.

"आबा," प्रांजल दिव्यांच्या उजेडातून बाहेर येत म्हणाली, "परवापास्नं जेवला न्हाईसा तुमी? आन हितं मागं मागं फिरताय माज्या? काय म्हणावं वं तुमास्नी! चला, आदी चार घास खावा."

सिद्धूनं काचेकडे पाहिलं. काच कोरी होती. खात्री करायला त्यानं राहीलच्या कॉम्प्युटरमध्येही डोकावून बघितलं. तिथंही काही नव्हतं.

"ह्ये तू लिवलं न्हाईस न्हवं?"

"न्हाई, मामा."

सिद्धूनं पटक्याच्या शेवानं डोळे पुसले आणि उठला.

"मग ह्ये मातुर हिचं हाय," तो म्हणाला.